सुमोचा अल्टरनेटर बसतो, मग तिसऱ्यांदा का जातो? जुन्या टाटा इस्टेटला भंगारातले पार्ट लावताना

आमच्या १९९६ च्या टाटा इस्टेटने, म्हणजे लांब डिकीच्या जुन्या डिझेल गाडीने, दीड वर्षात तीन अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारे, बॅटरी चार्ज करणारे) खाल्ले. तिन्ही भंगारातले, तिन्ही सुमोचे, आणि तिन्ही "बसते भाऊ, डोळे मिटून न्या" या एका वाक्यावर घेतलेले. बसले तिन्ही, त्यात खोटं काही नाही. पहिला नऊशे किलोमीटर चालला, दुसरा दोन महिने. तिसऱ्याने दर्यापूरहून मूर्तिजापूरला जाताना रात्री दिवे पिवळे करून दाखवले आणि आम्ही उरलेली वाट एका ट्रॅक्टरच्या मागे मागे, त्याच्याच उजेडात काटली.

गाडी मोठ्या बाबांची. दहा-बारा वर्षं गोठ्याशेजारी उभी होती, मागच्या सीटवर तुरीची पोती आणि डिकीत कोंबडीने अंडी घातलेली. ती रस्त्यावर आणायची म्हटल्यावर नवे पार्ट मिळणार नाहीत हे माहीत होतं, भंगारावरच भागवायचं होतं. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांची तक्रार थोड्याफार फरकाने एकच असते: पार्ट मिळतो, बसतो, पण टिकत नाही, तीच खोड महिन्याभराने परत. दोष भंगाराला दिला जातो. आमच्या बाबतीत तरी भंगार निर्दोष निघालं.

आधी घराणं समजून घ्या. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९८८ मध्ये टाटामोबाइल हा पिकअप आणला. त्याच सांगाड्याच्या विचारातून १९९१ ची सिएरा, १९९२ ची इस्टेट आणि १९९४ ची सुमो आली. इंजिन ४८३, म्हणजे चार सिलिंडर आणि ८३ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), १९४८ सीसी, डिझेल. म्हणून इस्टेटचं यंत्र विदर्भात अजून जिवंत ठेवता येतं. काळी-पिवळी म्हणून धावलेल्या सुमो आणि वरूड-मोर्शीकडे संत्री वाहिलेल्या टाटा पिकअपमुळे प्रत्येक तालुक्याच्या गावी या घराण्याचं इंजिन डोळे मिटून खोलणारा एखादा मिस्त्री सापडतोच. त्यांची मोडलेली हाडं आमच्याकडच्या कबाड्यांकडे पडून असतात, पुढे जालन्याकडच्या स्टीलच्या भट्ट्यांत वितळायला जाईपर्यंत.

पण घराणं एक म्हणजे माप एक नव्हे. सख्ख्या भावांनाही एकमेकांची चप्पल होतेच असं नाही. त्यात या गाड्या वर्षानुवर्षं बनत राहिल्या, मधे टर्बो आला, पुरवठादार बदलले, ब्रॅकेट बदलले. कबाडी "सुमोचं हाय" म्हणतो तेव्हा तो खरंच बोलतो. कोणत्या सालच्या, कोणत्या इंजिनाच्या सुमोचं, हे त्यालाही ठाऊक नसतं.

पहिला अल्टरनेटर: पट्टा

पहिल्या वेळी लक्षण सोपं होतं. सकाळी गाडी चालू केली की चिरचिर आवाज, बॉनेटखाली काळी भुकटी, आणि पट्ट्याची एकच कड झिजलेली. आम्ही पट्टा ताणला. आवाज गेला, आणि आठवड्याभरात अल्टरनेटरच्या पुढच्या बेअरिंगने घरघर सुरू केली. पट्टा जास्त ताणला की भार थेट त्या बेअरिंगवर येतो. म्हणजे आम्ही आवाज दाबला आणि बेअरिंग मारलं.

कारण होतं पुलीचं अंतर. भंगारातल्या अल्टरनेटरची पुली आमच्या मूळच्या पुलीपेक्षा चारेक मिलिमीटर पुढे येत होती. डोळ्याला दिसत नाही. तपासायला क्रँकच्या पुलीच्या (इंजिनाची खालची, पट्टा फिरवणारी पुली) तोंडावर सरळ लोखंडी पट्टी धरा आणि ती अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत नेऊन बघा. सरळ पट्टी नसेल तर गवंड्याची दोरी ताणून धरली तरी चालते. दोन्ही पुल्यांच्या तोंडाची जाडी सारखी नसेल तर तोंड मोजू नका, खाच मोजा. पुल्यांमध्ये फूटभर अंतर असेल तर दोन-अडीच मिलिमीटरच्या वर फरक चालवून घेऊ नका. फरक निघाला तर ब्रॅकेट आणि अल्टरनेटरचा कान यांच्यामध्ये वॉशर टाकून किंवा कानामागचा बुश लेथवर घासून तो काढता येतो. शंभर रुपयांचं काम.

खाचही बघा. व्ही पट्टा खाचेच्या दोन्ही भिंतींना चावला पाहिजे, तळाला टेकता कामा नये. खाच झिजून तळ चकचकीत झाला असेल तर पट्टा कितीही ताणा, घसरणारच. अशी पुली असलेला अल्टरनेटर फुकट दिला तरी पुली बदलूनच लावा.

दुसरा आणि तिसरा: तेल

इथे आम्ही वर्षभर भरकटलो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

दुसरा लावताना पट्टा नीट जुळवला होता. चार्जिंग मस्त, बॅटरीवर १४.१ व्होल्ट. दीड महिन्यात ते १३ वर आलं, मग साडेबारावर. म्हणजे चार्जिंग नाहीच. मिस्त्री म्हणाले, "भंगारचं होतं ना भाऊ, किती दिवस चालन?" आम्हीही मान डोलावली. तिसरा आणला. तोही तसाच गेला.

तिसरा खोलला तेव्हा आत वाइंडिंगवर, म्हणजे तारांच्या गुंडाळीवर, काळं, चिकट तेल. कार्बन ब्रश त्यात भिजून स्लिप रिंगवर, म्हणजे ज्या फिरत्या कड्यांतून वीज आत जाते त्यांवर, टेकतच नव्हते. दुसऱ्याचं तोंडही उघडलं, तो कोपऱ्यात पडून होता. त्यातही तेल.

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा निर्वात आयता मिळत नाही, कारण हवेच्या वाटेत थ्रॉटलचा अडसर नसतो. ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा डबा) निर्वात लागतो, म्हणून या गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो आणि दोघांचा शाफ्ट एकच. या पंपाला इंजिनचं तेल लागतं: बारीक नळीतून तेल येतं, जाड नळीतून हवेसह परत संपकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीकडे, जातं. येणारं तेल दाबाने येतं. परत जाणारं मात्र केवळ उताराने घरंगळतं. परतीच्या वाटेत कुठे अडलं की तेल पंपात तुंबतं, आणि मधल्या सीलवर दाब येऊन अल्टरनेटरच्या पोटात उतरतं. सील नवीन घातलं तरी तेच.

आमच्या गाडीत परतीची रबरी नळी मूळची नव्हती. गाडी उभी राहण्याआधी कोणीतरी ती बदलून कमी भोकाची, लांब नळी घातली होती, आणि ती मधेच खाली लोंबून पुन्हा वर चढत होती. त्या खोलगट भागात तेल साचून बसायचं. अल्टरनेटर मारत होती ती नळी. आम्ही मेलेल्याला बदलत राहिलो, मारणाऱ्याला हातच लावला नाही.

नळी मूळ भोकाची, आखूड आणि सतत उताराची केली. चौथा अल्टरनेटर लावला. तोही भंगाराचाच, आणि दोन उन्हाळे झाले, चालू आहे.

एक खूण आम्हाला आधीच मिळाली होती, आम्ही ती वेगळ्या खात्यात टाकली. चार्जिंग कमी होण्याच्या सुमारास ब्रेक कडक लागायचा. आम्ही ब्रेकचे लाइनर बघितले, बूस्टरवर संशय घेतला. अल्टरनेटर बदलल्यावर ब्रेक कडक झाला, तर आधी व्हॅक्यूमच बघा. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर निर्वात पोचत नाही: पंप, नळी, एकदिशा व्हॉल्व्ह किंवा बूस्टर, या क्रमाने तपासा. आणि ते होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. अल्टरनेटर नसला तर दिवे जातात, निर्वात गेला तर पुढचा बैल दिसत असूनही गाडी वेळेत थांबत नाही.

रंगवलेल्या गाडीचा अर्थ

हे फक्त नव्याने उभ्या केलेल्या गाड्यांचं दुखणं. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने सगळं घासून, प्राइमर मारून, चकचकीत रंग दिला. अर्थिंगच्या जागांवरही. रंगातून वीज जात नाही. तारेचा लग रंगावर कसला की कधी लागतं, कधी नाही. दिवे मंद, काटा नाचतो, आणि आपण अल्टरनेटरला शिव्या देतो.

मल्टिमीटर घ्या, इंजिन चालू ठेवा, हेडलाइट लावा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या वजा टर्मिनलच्या शिशावर आणि दुसरं अल्टरनेटरच्या अंगावर. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर ठीक. आमच्याकडे ०.९ आलं. बॅटरी ते बॉडी आणि बॉडी ते इंजिन अशा दोन्ही पट्ट्यांखालचा रंग खरवडून लोखंडी चमक येईपर्यंत साफ केलं, वर ग्रीस लावलं, आकडा ०.१ वर आला. पैसे शून्य.

क्लच

क्लच प्लेटच्या बाबतीत बाहेरचा व्यास आणि स्प्लाइनचे दाते जुळले की लोक खूश होतात. तिसरं माप राहून जातं: मधल्या हबची उंची, आणि ती कोणत्या बाजूला जास्त बाहेर आलेली आहे. हब फ्लायव्हीलच्या (इंजिनामागचं जड चाक) बाजूला जास्त असेल तर तो फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या डोक्यांना घासतो. पेडल दाबूनही गिअर करकर करत पडतो, आणि मिस्त्री पेडल "सेट" करत राहतो. बसवण्याआधी प्लेट फ्लायव्हीलवर हाताने टेकवून फिरवून बघा. घासली तर आवाज येतो, आणि तो आवाज गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवण्यापेक्षा स्वस्त पडतो. प्लेटबरोबर प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकाच गाडीतून मिळालं तरच जुनं घ्या, नाहीतर तिन्ही नवं.

मागचा पूल

आमचा मागचा पूल, म्हणजे मागच्या चाकांचा अ‍ॅक्सल, आवाज करत होता म्हणून एका पिकअपचा अख्खा पूल मिळत होता, आणि ब्रॅकेटही जुळत होते. घेतला नाही. माल वाहणाऱ्या गाडीचं क्राउन-पिनियन (पुलातली चाकांना फिरवणारी दातेरी जोडी) ओढीचं असू शकतं. चढावर मजा, पण साठच्या वेगाला इंजिन बोंबलतं आणि मायलेज जातं. कबाड्याच्या अंगणात हे दोन मिनिटांत कळतं. एक चाक किंवा हब घट्ट धरून ठेवा, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात प्रॉपेलर शाफ्टचा फ्लँज (गिअरबॉक्सकडून येणारा दांडा जिथे जोडतात ती चकती) किती फेरे फिरतो ते खडूने खूण करून मोजा. चार आणि थोडं, म्हणजे प्रमाण चार आणि थोडं. आपल्या गाडीवरही तसंच मोजा. आकडे जवळ आले तर बोला, नाहीतर पुढे चला. आणि क्राउन एका गाडीचं, पिनियन दुसऱ्या गाडीचं असं कधीही करू नका, ती जोडी एकत्रच घासून तयार झालेली असते.

रेडिएटर आणि आमचं पाणी

अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण नागपूरकडच्या मित्रांसाठी: आमच्या बोअरचं पाणी माणसाला पिववत नाही, ते आपण गाडीला पाजतो. भंगारातला रेडिएटर याच भागातल्या गाडीचा असेल तर त्याच्या नळ्यांमध्ये क्षाराचा थर धरूनच चाला. घेताना पाण्याने भरा आणि खालचं तोंड एकदम सोडा. पाणी धो धो पडलं पाहिजे, करंगळीएवढी धार येऊन रडत राहिलं तर ठेवून द्या. दोन सारखे रेडिएटर असतील तर हातात तोलून बघा, जड तो क्षाराने भरलेला असतो.

लावल्यावर त्यात कूलंट आणि आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी. रेडिएटरचं झाकण मात्र नवीन आणि मूळ दाबाचं घ्या. झाकण दाब धरत नसेल तर पाणी शंभरालाच उकळतं, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना शंभर फार लांब नसतं. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं कबाड्याने फेकून दिलेलं असतं, ते मागून घ्या. त्याच्याशिवाय पंखा इंजिनाकडचीच गरम हवा फिरवत बसतो. आमची गाडी उभी असताना तापायची आणि पळताना थंड व्हायची, ते याच्याचमुळे.

जे मिळतच नाही

इस्टेट, सिएरा आणि टाटामोबाइल यांचं नाक एका घराण्याचं आहे, त्यामुळे पुढचं काही ना काही सापडतं. दारांसाठी सिएराकडे बघू नका, ती तीन दारांची. खरी अडचण मागे आहे. डिकीचं दार, मागच्या बाजूच्या लांब काचा, मागचे दिवे हे इस्टेटचं स्वतःचं. त्याला भाऊबंद नाहीत. बाजूच्या आणि मागच्या काचा टफन्ड असतात. कोणी "मोठी काच कापून बसवून देतो" म्हणाला तर हसून निघा. टफन्ड काच कापायला गेलं की तिचा भुगाच होतो. म्हणून गाडीतून एखादी मागची काच शाबूत उतरली असेल तर ती गादीत गुंडाळून माळ्यावर ठेवा.

डिकीचे गॅस शॉकअप मात्र दुसऱ्या गाडीचे चालतात, मापं जुळली तर. तीन मापं: पूर्ण उघडल्यावर टोकाच्या दोन छिद्रांमधलं अंतर, पूर्ण दाबल्यावर तेच अंतर, आणि नळीवर छापलेला न्यूटनचा आकडा. तिसरं लोक बघत नाहीत. हलक्या हॅचबॅकच्या दाराचा शॉकअप इस्टेटच्या लांब दाराखाली दमतो. आणि एक गंमत, जी आमच्या डोक्यावर आपटून कळली. डिसेंबरच्या पहाटे दार खाली येतं आणि दुपारी बरोबर उभं राहतं, तर शॉकअप पूर्ण मेलेला नाही, पण जायला आलाय. आतला वायू गार झाला की दाब कमी होतो. दहा अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर गेलं तर दाब साधारण बारा टक्के वाढतो. म्हणजे शॉकअप उन्हाळ्यात तपासून घेऊ नका. उन्हाळ्यात सगळेच चांगले वाटतात.

कबाड्याकडे जाताना

मेलेला पार्ट बरोबर न्या. फोटोवर पुलीचं अंतर दिसत नाही. खिशात व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन), खडू, दोरी. आणि एकटा पार्ट मागू नका, त्याचे शेजारी मागा: अल्टरनेटरबरोबर ब्रॅकेट, त्याचे बोल्ट, तेलाच्या दोन्ही नळ्या, त्यांचे पोकळ बोल्ट. कबाडी हे वजनात टाकतो, तिथे दोनशे रुपये जास्त गेले तरी आमचं वर्ष वाचलं असतं. इंजेक्शन पंपावर पत्र्याची पट्टी असते, तिच्यावरचा नंबर तुमच्या पंपाशी अक्षर-अक्षर जुळवा. डोक्यावर हवेच्या नळीची टोपी असलेला पंप टर्बोच्या गाडीचा. साध्या इंजिनाला लावला तर टर्बोचा दाब मिळत नाही, पंप डिझेल कमी देतो आणि गाडी चढावर मरगळते. नोझल बदलून ते जात नाही.

भंगारातून घेऊच नये अशा गोष्टी: ब्रेकच्या रबरी नळ्या आणि व्हील सिलिंडरची रबरं, बॉल जॉइंट, थर्मोस्टॅट, पट्टे, सीटबेल्ट.

अख्खं इंजिन घ्यायचं झालं तर कबाड्याकडून पावती आणि ज्या गाडीतून ते निघालं तिच्या कागदांची प्रत घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली इंजिनबदल आरसीवर चढवावा लागतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. त्या तपासणीच्या दिवशी इंजिनावरचा नंबर आरसीवर नसेल, तर सुमोचा पार्ट कसा बसतो हे तिथे कोणी ऐकून घेत नाही.

आमची गाडी सध्या एका गोष्टीवर अडली आहे: डाव्या बाजूच्या मागच्या दिव्याची काच. मोर्शीजवळ एका संत्र्याच्या बागेत एक इस्टेट उभी आहे, तिचा डावा दिवा शाबूत आहे. मालकांनी आतमध्ये ठिबकच्या नळ्या ठेवल्यात. दोनदा चहा झाला, दिव्याचा विषय निघाला की काकाजी म्हणतात, "मी पण करूनच रायलो ना ते गाडी उभी." तिसऱ्यांदा जाताना त्यांच्यासाठी एक चांगला अल्टरनेटर नेणार आहे, नळ्यांसकट.